संगणकाला फेटा

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमच्या कॉलेजात संगणकाच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढाव्या लागत. धूळ जाऊ नये म्हणून, असं सांगायचे. पण प्राचार्य उंबऱ्यावर हात जोडत, तेव्हा खरं कारण कळायचं. त्या खोलीत मी माहिती प्रणाली हा विषय शिकवत होते. विभागात बढतीची, म्हणजे प्रपाठकाची, एकच जागा निघाली होती आणि ती मला हवी होती. मिळाली तर बरं, असलं सभ्य बोलणं नको, हवीच होती.

दुसरे दावेदार म्हणजे संख्याशास्त्रातून आमच्याकडे आलेले एक सहकारी. ते फ्लॉपी उलटी सरकवत आणि वर मशीनलाच नावं ठेवत.

त्या वर्षी निवड गुणांवर करायचं ठरलं. संशोधन, अध्यापन आणि सेवा असे तीन रकाने. गुणांची बेरीज करणारा प्रोग्रॅम कुणी लिहायचा?

"मॅडम, तुम्हीच करा की. तुमाला येतंय," प्राचार्य म्हणाले.

उमेदवारानंच तराजू घडवायचा, यात कुणालाच वावगं वाटलं नाही. मशीन खोटं बोलत नाही, एवढा विश्वास! माझी अख्खी मे महिन्याची सुट्टी त्यात गेली आणि परिषदेसाठी निबंध लिहायचा राहिला.

संशोधनात या सहकाऱ्यांनी बाजी मारली. आमच्याच कॉलेजात आमचीच परिषद भरे. निबंध वाचणारे आणि ऐकणारे तेच, फक्त खुर्च्या बदलायचे. जेवणाला तांबडा-पांढरा रस्सा असल्यामुळे अध्यक्ष घाईघाईनं सगळ्यांचं संशोधन उरकून टाकत. मग सगळ्यांचे निबंध एका जाडजूड अंकात छापून येत आणि तो अंक छापणाऱ्याशिवाय कुणी वाचत नसे.

अध्यापनाचे गुण विद्यार्थी देत. हे सहकारी आधी परीक्षेला काय येणार ते फळ्यावर लिहून देत आणि मगच गुणांचे कागद वाटत. माझ्या कागदावर एकानं लिहिलं होतं, 'मॅडम लई तास घेत्यात.' ही तक्रार धरली गेली आणि माझे गुण कापले.

सेवेत मात्र मला पैकीच्या पैकी. विभागात बाई मी एकटीच. त्यामुळे रांगोळी, पाहुण्यांना ओवाळणं, शाल-श्रीफळाचं तबक धरून उभं राहणं हे सगळं न सांगताच माझ्याकडे यायचं.

मुलाखत घ्यायला रसायनशास्त्राचे एक निवृत्त गृहस्थ आले होते. माझ्या गुणांचा कागद हातात धरून ते म्हणाले, "प्रोग्रॅम केलाय म्हणता, चांगलं हाय. पण तो छापून कुठं आलाय?"

"तुमच्या हातात आहे तो कागद त्यानंच छापलाय," मी म्हणाले.

ते मनापासून हसले. "प्रोग्रॅम म्हणजे काय संशोधन न्हवं. वर्गात शिकवला न्हाई, म्हणजे अध्यापनबी न्हवं. आणि सेवेत तुमाला आता वाढवायला जागाच न्हाई की!"

जागा त्या सहकाऱ्यांना मिळाली. मी घरी जाऊन भांडी आदळली. रडलेसुद्धा, आणि रडू आलं म्हणून आणखी चिडले.

पुढे खंडेनवमी आली. कारखान्यात यंत्रं पुजतात तसा आमच्याकडे संगणक पुजत. पडद्याला हळदकुंकू लागलं, कीबोर्डवर झेंडूची फुलं पडली, आणि उत्साहाच्या भरात कुणीतरी मॉनिटरला कोल्हापुरी फेटा बांधला. अख्खा स्टाफ अनवाणी उभा होता.

"या यंत्रानं कुणाचं तोंड न बघता निवाडा दिला," प्राचार्य गहिवरून म्हणाले. मग तबक माझ्या हातात देत म्हणाले, "मॅडम, ओवाळा की!"

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईनं फेटा घातलेल्या डब्याला ओवाळायचं! माझं डोकं सणकलं. मी तबक नव्या प्रपाठकांच्या हातात दिलं.

"सर, तुमचं संशोधन झालं, अध्यापन झालं. सेवा तेवढी राहिलीय."

सरांनी प्राचार्यांकडे पाहिलं, फेट्याकडे पाहिलं, आणि शेवटी उलट्या दिशेनं का होईना, ओवाळलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या वर्षी त्या ओवाळण्याचे त्यांना सेवेत गुण मिळाले. माझे तेवढेच कमी झाले. मी दोनदा तपासून पाहिलं. बेरीज बिनचूक होती. प्रोग्रॅम माझाच होता ना.