साडूंचा गुरुवारचा डॉक्टर

‘काय, बरं आहे ना?’ हा प्रश्न खरोखर उत्तर ऐकण्यासाठी विचारणारा माणूस अख्ख्या सोलापुरात एकच होता, आणि दैवयोगाने तो माझा थोरला साडू होता. चादरीच्या कारखान्यांना रंग विकणे हा त्यांचा धंदा. त्यामुळे बोटे कायम जांभळी नाही तर हिरवी. एका लग्नात त्यांनी नवरीच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला, तो तिच्या शालूवर कायमचा राहिला. सात रस्त्याच्या थांब्यावर एकदा त्यांनी बसच्या कंडक्टरला ‘बरं आहे ना?’ विचारलं. तो सवयीनं ‘ठीक आहे’ म्हणाला. ‘ठीक म्हणजे कसं?’ साडूंनी विचारलं. कंडक्टर बोलायला लागला तो बायकोच्या आजारपणापर्यंत पोचला, आणि भरलेली बस घंटेची वाट बघत उभी राहिली.

हा स्वभाव घेऊन ते एका कारखान्यात गेले, तेव्हा नरसय्या नावाचा विणकर मागापुढे नुसता बसलेला दिसला. नक्षी विणायच्या जॅकार्ड मागावर त्याच्यासारखा हात दुसऱ्याचा नव्हता. पण गेले काही आठवडे तो जेवत नव्हता, बोलत नव्हता, धागा तुटला तरी बघत राहायचा. मालक अप्पा त्याला काढून टाकायच्या बेतात होते.

“त्याला उदास व्हायला काय झालंय?” अप्पा म्हणाले. “पगार येळेवर हाय, बोनस हाय. मला बगा, उदास व्हायला येळ तरी हाय का?”

“अप्पा, माग बंद पडला तेव्हा तुम्ही इचलकरंजीहून मिस्त्री आणलात. जायचा-यायचा खर्च दिलात, वर जेवू घातलंत. माणूस बंद पडला तर त्याला गेट दाखवणार?”

“मिस्त्री मागाचा असतोय. मनाचा कुटं असतोय?”

“असतो की. सरकारी दवाखान्यात आहे. मी बोलून आलोय.”

तिथून पुढे साडू रोज अप्पांच्या ऑफिसात जाऊन बसू लागले. रंगाचं नाव काढायचे नाहीत. अप्पांचा चहा प्यायचे, अप्पांच्या डब्यातली कडक भाकरी मोडून शेंगाचटणीशी खायचे आणि एकेका विणकराच्या घरची हकीकत सांगायचे. अप्पा मागच्या दाराने निघाले, तर हे तिथेही उभे. शेवटी अप्पांनी हात जोडले. “गुरुवारी आणा तुमच्या डॉक्टरला. त्याची फी मी देतो, नरसय्याचा पगारबी चालू ठेवतो. पण उद्या तुमी येऊ नका.”

मी शिक्षक, आमची शाळा सकाळची, म्हणून गुरुवारी दुपारी साडूंनी मलाही ओढून नेलं. गोदामाशेजारच्या खोलीत डॉक्टर येऊन बसले होते, पण दाराजवळ कुणी फिरकेना. आत गेला तो वेडा, असं कामगारांचं ठरलं होतं. नरसय्या खाली मान घालून म्हणाला, “मी येडा न्हाय, शेठ.”

“मी तरी कुठे आहे?” साडू म्हणाले. “थांब, आधी मी जाऊन येतो.” रंगांच्या नमुन्यांची बॅग माझ्या मांडीवर ठेवून ते आत गेले.

दोन मिनिटांचं नाटक असेल असं मला वाटलं होतं. पण ते बराच वेळ बाहेर आलेच नाहीत. आले तेव्हा डोळे पुसलेले होते. नरसय्याच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच म्हणाले, “जा. माणूस चांगला आहे. ऐकून घेतो.”

नरसय्या आत गेला. त्याला गोळ्या मिळाल्या, महिनाभर हलकं काम मिळालं, आणि हळूहळू तो मागावर परतला. पुढे अप्पा गुरुवारचा डॉक्टर ही आपलीच कल्पना असल्याचं इतर मालकांना सांगत, आणि साडू शेजारी बसून गंभीरपणे मान डोलावत.

त्या पहिल्या गुरुवारी परतताना मी विचारलं, “आत एवढा वेळ काय करत होता?”

“काही नाही, डॉक्टरांना रंगांचे नमुने दाखवत होतो.”

“बॅग तर माझ्याजवळ होती.”

“होय की,” म्हणून त्यांनी बॅग माझ्याकडून घेतली आणि पुढे चालू लागले.

पुढच्या गुरुवारी नरसय्या बाहेर आल्यावर त्यांनी बॅग पुन्हा माझ्या हातात दिली आणि दार लोटून आत गेले. मी बाहेरच्या बाकावर बसून राहिलो.