मुखपृष्ठावरची भिंत

खांदेश्वरच्या आमच्या घरात, बुद्धाच्या मूर्तीशेजारी, एक फोटो लॅमिनेट करून लावलाय. फोटोत माणूस नाही. निळ्या रंगाची भिंत, खिडकीवर खिळ्यांनी ठोकलेली जुन्या होडीची फळी, आणि खिडकीखालच्या भोकातून निघून गल्लीपलीकडे जाणारी काळी वायर. खाली आमच्या अहवालाचं नाव. फोटो मी काढलेला, म्हणून वडिलांनी तो लावला. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखवतात.

वडिलांनी आयुष्यभर बाजार समितीत गोणी उचलल्या. घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मी पहिली. पहिली नोकरी लागली एका छोट्या संस्थेत. काम असं की नातेवाइकांना सांगताना घाम फुटायचा: इंटरनेट गरिबाला परवडेल अशा दरात मिळावं म्हणून सरकारपुढे म्हणणं मांडायचं. काका म्हणाले, म्हणजे वायफायचा मोर्चा. मी चिडून म्हटलं, मोर्चा नाही, धोरण. तो शब्द उच्चारताना आपली उंची वाढल्यासारखी वाटायची, हे कबूल करते.

घरोघरी जाऊन माहिती घ्यायला मला कराव्याच्या जुन्या गावठाणात पाठवलं. तिथे ताई भेटली. मूळची परभणीकडची. नवरा न्हावा शेवा बंदरात ट्रेलरवर ड्रायव्हर, आठवड्यातून एकदा घरी. भाड्याच्या एका खोलीत ती आणि अंथरुणाला खिळलेली सासू. बंदरावरच्या एका एजंटाकडून तिने काम मिळवलं होतं. कंटेनरच्या कागदांवरची माहिती जुन्या लॅपटॉपवर भरायची आणि संध्याकाळी सहाच्या आत पाठवायची. सासूला सोडून बाहेर पडता येत नव्हतं, त्यामुळे तिला जमेल असं हे एकच काम होतं. मोबाइलचा डेटा दुपारीच संपायचा. स्वतःचं कनेक्शन परवडत नव्हतं. समोरच्या कोळीण मावशीकडे मात्र होतं. तिचा मुलगा बोटीवर नोकरीला, आईला आपलं तोंड दिसावं म्हणून त्यानं लावून दिलेलं. मावशीनं भिंतीला भोक पाडून ताईला वायर टाकून दिली. बदल्यात ताई दर रविवारी तिला मुलाचा व्हिडिओ कॉल लावून द्यायची.

केबलवाल्याच्या नियमात हे बसत नव्हतं आणि ताईला ते माहीत होतं. माझ्या फॉर्मवर सही करायच्या आधी ती पेन नुसतंच धरून बसली.

"नाव नाही ना येणार कुठं? वायर गेली तर काम गेलं माझं."

"नाव कुठेच येणार नाही," मी म्हटलं. "शब्द देते."

शब्द पाळला. नाव खोडलं, जिल्हा खोडला, करावे काढून 'खाडीकाठची एक वस्ती' लिहिलं. आमच्या मॅडम म्हणाल्या, किती काळजीनं केलंयस. मग त्यांना मुखपृष्ठासाठी फोटो हवा होता. माझ्या फोनमध्ये पन्नासेक होते. हा निवडला, कारण यात कुणाचा चेहरा नव्हता. खरं सांगायचं तर तो सगळ्यात सुंदर होता म्हणून निवडला.

वाशीच्या सभागृहात अधिकाऱ्यांपुढे मी दहा मिनिटं बोलले. आवाज कापला नाही. मागच्या पडद्यावर ती निळी भिंत, माझ्यापेक्षा मोठी. शेवटच्या रांगेत वडील इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. टाळ्या झाल्या. संस्थेनं मुखपृष्ठ फेसबुकवर टाकलं, तिथून कुणीतरी ते कराव्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं.

पंधरा दिवसांनी मी अहवालाच्या दोन प्रती घेऊन कराव्याला गेले. एक ताईला, एक मावशीला. ताईच्या खोलीला कुलूप होतं. मावशी उंबऱ्यात मासळी निवडत होती. तिनं हातातलं काम न थांबवता सगळं सांगितलं. होडीची ती फळी तिच्या नवऱ्याच्या होडीची होती. नवरा गेला, होडी मोडली, तेव्हा तेवढीच ठेवली. नारळी पौर्णिमेला ती तिला हार घालते. अख्खं गावठाण ती फळी ओळखतं. केबलवाला तर त्याच गल्लीत वाढलेला. तो पक्कड घेऊन आला आणि दोन्हीकडचं तोडून गेला. ताईचे दोन दिवस कागद गेले नाहीत. तिसऱ्या दिवशी एजंटानं काम दुसऱ्या कुणाला दिलं. आठवडा संपायच्या आत नवऱ्यानं सासूला आणि तिला गावी नेऊन सोडलं. मुलानं बोटीवरून फोन करून केबलवाल्याला विनवलं, तेव्हा मावशीचं कनेक्शन परत मिळालं, भोक बुजवायच्या अटीवर. बुजवलेलं होतं. निळ्या भिंतीवर सिमेंटचा करडा ठिपका.

"तुमी नाव नाय लिवलं," मावशी म्हणाली, "पन घर लिवलं."

मग तिनं विचारलं, फोटू कुनी काढला. रागानं नव्हे, सहज, कुठून आलीस विचारावं तसं.

"ऑफिसनं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली, हात धुतले आणि चहा टाकला. मी तो प्यायले. रविवारी कॉल कोण लावून देतं, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. दोन्ही प्रती पिशवीतूनच परत आणल्या.

नंतर दोन नोकऱ्या बदलल्या. काम तेच आहे, आणि ते महत्त्वाचं आहे असं मी आजही छातीठोकपणे सांगते. पण तो फोटो मागोमाग येतो. दुसऱ्या संस्थांच्या अहवालांत, पुण्याच्या प्रशिक्षणात, परवा आमच्याकडे नवीन लागलेल्या मुलीच्या सादरीकरणात. मी तिला म्हटलं, हा काढ. ती म्हणाली, का मॅडम, यात तर कुणीच नाहीये.

मीही तसंच म्हणायचे. मग एकदा ऑफिसात एकटी असताना तो मोठा करून पाहिला. उजव्या कडेला, वायर जिथे फोटोबाहेर जाते, तिथे दोन बोटांची टोकं आहेत. मग आठवलं. वायर लोंबत होती, नीट दिसत नव्हती. मीच म्हटलं होतं, "ताई, जरा ताणून धरा ना." तिनं धरली होती. नंतर फोटो कापताना मी ताईला काढून टाकलं, ती एवढी उरली.

गेल्या महिन्यात वडील एका पाहुण्याला फोटो दाखवत होते. पाहुणे गेल्यावर मी त्यांना सगळं सांगितलं, बोटांसकट. त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"तिला सांगितलंस का, मुखपृष्ठासाठी तो फोटो तूच निवडलास म्हणून?"

"नाही."

"मग सांग."

ताईचा जुना नंबर होता. मोठा मेसेज लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. शेवटी एवढंच पाठवलं: ताई, मुखपृष्ठासाठी तो फोटो मी निवडला होता. ऑफिसनं नाही. चूक माझी होती.

सकाळी वडिलांनी विचारलं, पोचला का. मी त्यांना फोन दाखवला, मेसेजखाली एकच टिक होती. एक टिक म्हणजे माझ्याकडून गेला, दुसरी आली की तिच्या फोनवर पोचला. नंबर बंद असेल. किंवा तिच्याकडे नेट नसेल.

भिंतीवरचा फोटो त्यांनी उतरवला नाही, मीही उतरवला नाही. पाहुणे आले की वडील आता तिकडे बोट दाखवत नाहीत. पाहुणे गेले की कपबश्या उचलता उचलता विचारतात, "आली का गं दुसरी?"