आवाज बंद करून पाहिलेला माझा तास

दोन महिन्यांपूर्वी एका मंगळवारी मी पहिल्यांदा स्वतःला शिकवताना पाहिलं... आणि माझी सगळी फुशारी उतरली.

बदनापूरच्या पुढे एका गावात मी चौथीला शिकवते. नोकरीला दीड वर्ष झालं. यंदा शैक्षणिक तंत्रज्ञानाचा एक ऑनलाइन कोर्स लावलाय. स्लाइड, अ‍ॅनिमेशन, क्विझ... सगळं हौसेनं शिकले. वर्गात स्मार्ट टीव्ही आहे, त्यामुळे माझा तास एकदम रंगीत झाला होता. खरं सांगायचं तर मनातून जरा फुशारलेच होते.

कोर्सचं त्या वेळचं काम वेगळं होतं. आपला वीस मिनिटांचा तास रेकॉर्ड करायचा आणि आधी आवाज बंद करून पाहायचा. मी फोन खिडकीत डस्टरला टेकवून ठेवला आणि अपूर्णांक शिकवले.

शाळा सुटल्यावर ऑफिसात व्हिडिओ लावला. शेजारी साबळे सर हजेरी लिहीत होते. ते रिटायरमेंटला आलेत, फोन फक्त बोलण्यापुरता वापरतात. मीच कौतुकानं म्हटलं, "सर, बघा ना."

आवाज नसला की वेगळंच दिसतं हो... मी टीव्हीसमोर फिरतेय, रिमोट दाबतेय, हसतेय. मुलांकडे बघतेय ती फक्त पुढच्या दोन रांगांकडे.

सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही दुर्गा ना?"

भिंतीकडच्या रांगेत दुर्गा बसली होती. (नाव बदललंय.) तिचा हात खांद्यापर्यंत वर आला होता. मी रिमोट दाबला, टीव्हीवर उत्तर आलं, हात खाली गेला. थोड्या वेळानं पुन्हा तेच. मग तिसऱ्यांदा...

सर शांतपणे म्हणाले, "मॅडम, पोरगी हात वर करून राह्यली अन् तुम्ही बटन दाबून राह्यल्या."

मी व्हिडिओ तिथेच थांबवला. त्याच्या पंधराच दिवस आधी मी दुर्गाच्या आईला शाळेत बोलावून घेतलं होतं. ती जालन्याच्या एमआयडीसीत बियाणं निवडायला जाते, त्या दिवशी खास सुट्टी टाकून आली होती. मी तिला तोंडावर सांगितलं होतं, "तुमच्या मुलीचं लक्ष नसतं. काही विचारलं तर बोलतच नाही." दुर्गा शेजारी मान खाली घालून उभी होती.

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावलाच नाही. फळ्यावर एवढंच लिहिलं... एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश? पुढची मुलं ओरडली, "चतुर्थांश! चार मोठे!" मी उत्तर सांगितलं नाही. थांबले. गप्प उभं राहणं किती अवघड असतं, ते तेव्हा कळलं.

बऱ्याच वेळानं भिंतीकडचा हात वर आला.

"म्याडम, तृतीयांश मोठा. आमी तिघं जण असलो की भाकरीचा तुकडा मोठा येतो. मावशी आली की चौघांत वाटा, मंग बारका येतो."

अख्खा वर्ग हसला आणि अख्ख्या वर्गाला कळलंही. माझ्या अ‍ॅनिमेशननं जे दोन दिवसांत झालं नव्हतं, ते झालं.

पण तेवढ्यानं माझं मन भरेना. संध्याकाळी दुर्गाची आई कामावरून यायच्या वेळेला मी त्यांच्या घरी गेले. मला दारात बघून तिची आई घाबरलीच. "आता काय केलं हिनं?"

"हिनं काही नाही केलं. चूक माझी झाली," म्हटलं आणि व्हिडिओ दाखवला. तो हात कुठे कुठे वर आला, ते दाखवलं. दुर्गानं दिलेलं उत्तरही सांगितलं.

तिनं व्हिडिओ पुन्हा एकदा लावायला सांगितला. मग म्हणाली, "म्याडम, मी लई बोल्ले हो हिला त्या दिशी. जेवली बी न्हाई ही." आणि दुर्गाला जवळ ओढून तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली. "मला का न्हाई सांगितलं गं तू?"

दुर्गा हळूच म्हणाली, "म्याडम खोटं कशाला बोलतील, असं तू म्हणली असती."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिच्या आईनं ते बघितलं असावं, कारण ती लगेच उठली आणि चहा ठेवायला गेली. तिला विचारूनच ही पोस्ट लिहितेय.

आता दर शनिवारी एक तास रेकॉर्ड करते आणि साबळे सरांसोबत बसून बघते. दर वेळी काहीतरी सापडतंच... कधी माझी घाई, कधी एखादं सुटलेलं मूल. वाईट वाटतं, पण सोमवारी वर्गात जाताना कुठे बघायचं ते माहीत असतं. एका आईनं मला चूक सुधारायची संधी दिली, याबद्दल मी तिची मनापासून ऋणी आहे.