तावदानांची जाडी

आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या सरांना सगळे भिंगसर म्हणायचे. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी कायम एक भिंग. फळ्यावर लिहिता लिहिता ते मध्येच थांबायचे, हातातल्या खडूची तुटलेली कड भिंगातून बघत राहायचे, आणि आम्ही चाळीस जण ते परत भानावर येण्याची वाट बघत बसायचो. मार नाही, आरडाओरडा नाही. तरी त्यांच्या तासाला कुणी चुळबूळ करत नसे, कारण पुढच्या मिनिटाला काय निघेल याचा नेम नसायचा.

त्यांचा काचेचा धडा विशेष गाजलेला. ते वर्गाला जिन्याजवळच्या जुन्या खिडकीशी उभं करायचे आणि सांगायचे, "काच घट्ट दिसते, पण खरं तर तो फार सावकाश वाहणारा द्रव आहे. म्हणून जुनी तावदानं खाली जाड आणि वर पातळ होतात." आम्ही तावदानांकडे असे बघायचो, जणू ती आत्ता ओघळून आमच्या पायावर येतील.

आम्ही सातवीत होतो तेव्हा शेवटच्या रांगेतून एका मुलीने हात वर केला. तिचे वडील घरोघर खिडक्यांना काचा बसवायचे, त्यामुळे तिला काचवाली हे नाव आपोआपच पडलं होतं. ती म्हणाली, "सर, बाबा म्हणतात काच वाहत नाही. पूर्वी ती हाताने करायचे, म्हणून कुठे जाड, कुठे पातळ. बसवणाऱ्याच्या हाताला येईल तशी तो बसवतो."

सरांचं त्या दिवशी काय बिनसलं होतं कोण जाणे. ते म्हणाले, "वर्ग मी घेतो की तुझे बाबा? मागे हो."

वर्ग हसला. मीही हसलो. ती मागे झाली, आणि दहावीपर्यंत तिने विज्ञानाच्या तासाला हात वर केल्याचं मला आठवत नाही.

याला पस्तीस वर्षं झाली. मी आता त्याच शाळेत विज्ञान शिकवतो. तोच धडा, त्याच खिडकीशी, जवळजवळ त्याच शब्दांत मीही शिकवत आलो होतो. गेल्या वर्षी जुन्या खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या बसवायचं ठरलं. मी सरांना फोन केला. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, गुडघे बोलायला लागले होते, पण आवाज तसाच.

"काढायच्या आधी मला कळव," ते म्हणाले. "एकेक तावदान मोजू. मुलांना नुसतं सांगण्यापेक्षा आकडे दाखवता येतील."

सर आले ते खडू घेऊनच. प्रत्येक तावदानावर त्यांनी नंबर टाकला आणि वरची बाजू कळावी म्हणून बाण काढला. खिडक्या उतरल्यावर आम्ही प्रयोगशाळेत बसलो. मी काच धरायचो, ते जाडी मोजायचा स्क्रू गेज लावून आकडा सांगायचे, मी लिहायचो. काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, डबा दिलेला असायचा आणि तो तसाच परत जायचा. तीन दिवस हे चाललं.

दुसऱ्या दिवशी दुपारपासून सर प्रत्येक तावदान दोनदा मोजायला लागले होते. तिसऱ्या दिवशी बेरीज झाली. अठ्ठावन्न तावदानं. सत्तावीस खाली जाड, एकोणीस वर जाड, आणि बारा तर डाव्या नाहीतर उजव्या बाजूला.

"आडवी कशी वाहील?" मी म्हणालो. मला वाटलं सर हसतील.

ते हसले नाहीत. घरी जाऊन त्यांनी आठवडाभर वाचलं, कुठल्याशा प्राध्यापकांना पत्र लिहिलं, आणि मग मला बोलावून घेतलं. "काच वाहत नाही," ते म्हणाले. "निदान माणसाच्या आयुष्यात मोजता येईल इतकी तर नाहीच. मी एकतीस वर्षं चुकीचं शिकवलं." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "ती मुलगी कुठे असते रे?"

कोणती, हे विचारायची गरज नव्हती.

तिच्या वडिलांचं दुकान आता तीच चालवत होती, बाजारामागच्या गल्लीत. आम्ही गेलो तेव्हा ती लांबरुंद टेबलावर काच कापत होती. टेबलावर जाड कापड अंथरलेलं, भिंतीला काचा पुस्तकांसारख्या उभ्या टेकवलेल्या. तिने हातातलं काम पुरं केलं, मान वर केली आणि ताडकन उभी राहिली.

"सर? या ना. पण खाली बघून या, तुकडे असतात."

सर बसले नाहीत. टेबलाच्या पलीकडे, फळ्यापाशी बोलावलेल्या मुलासारखे उभे राहिले. "मी तुम्हाला चुकीचं शिकवलं होतं," ते म्हणाले. "तुमचे वडील बरोबर होते. हे आकडे."

"मला तुम्ही काय म्हणता, सर? तू म्हणा." तिने कागद घेतला. मला वाटलं, ती बाजूला ठेवेल आणि जाऊ द्या म्हणेल. तिने चष्मा लावला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. "कोपऱ्यात जाड असलेली वेगळी लिहिली नाहीत का? हाताने केलेल्या काचेत तशी निघतात."

"नाही लिहिली," सर म्हणाले. "तुला आठवतं ते?"

"आठवतं की. सगळे हसले होते. हाही हसला होता." तिने माझ्याकडे हनुवटीने दाखवलं. मी काचांकडे बघायला लागलो.

"घरी सांगितलंस?"

ती खुर्ची ओढून बसली, तेव्हा कुठे सरही बसले. "बाबा वाटच बघत होते. सर काय म्हणाले, सर काय म्हणाले, असं चाललं होतं. मी सांगितलं, सर म्हणाले तुझे बाबा बरोबर आहेत."

"खोटं सांगितलंस?"

"खरं सांगितलं असतं तर बाबांना लागलं असतं. आणि तुमच्याबद्दल त्यांचं मत वाईट झालं असतं. मला तुम्ही दोघेही हवे होतात."

सरांनी चष्मा काढला. मग ते हळूच म्हणाले, "म्हणून ते सायकलवरून उतरायचे."

मलाही ते दृश्य आठवलं. तिचे वडील मागे काचा बांधून सायकलवरून जायचे, आणि समोरून सर दिसले की खाली उतरून नमस्कार करायचे. मागे काचा बांधलेल्या असताना उतरणं म्हणजे केवढी जोखीम. सरांना वाटायचं, मुलीचे गुरुजी म्हणून करत असतील.

"शेवटपर्यंत सांगायचे," ती म्हणाली. "एवढा शिकलेला माणूस, पण काचवाल्याचं ऐकलं त्याने. चार वर्षं झाली त्यांना जाऊन."

"मला त्यांना भेटायला हवं होतं," सर म्हणाले. तिने खोटी समजूत काढली नाही. मला ते बरं वाटलं.

निघताना सर दारात थांबले. "तू नंतर प्रश्न विचारायचं सोडलंस. एखादा राहिला असेल तर आता विचार."

तिने क्षणभरही विचार केला नाही. "काचेवर कटरने चीर ओढली आणि लगेच मोडली, तर सरळ मोडते. तीच दुसऱ्या दिवशी मोडली, तर चीर सोडून कुठेही पळते. सगळे काचवाले हे सांगतात. असं का होतं?"

सर परत आत आले. "मला माहीत नाही," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा इतका खुलला की मी पाहतच राहिलो. "खरंच होतं का, हे आधी बघू. पट्ट्या कापाव्या लागतील, पुष्कळ. तू मला कापायला शिकवशील?"

तेव्हापासून दर मंगळवारी सर तिच्या दुकानात जातात. पहिले दोन महिने त्यांनी नुसता चुरा केला. ती त्यांच्या मागे उभी राहून सांगायची, "दाबू नका, सर. एकाच ओढीत न्या, थांबू नका. आवाज ऐका, बारीक कापड फाटल्यासारखा यायला हवा. तो बिघडला की काच बिघडली." भिंगसर मान डोलवायचे आणि पुन्हा जोर द्यायचे. एकदा तिने त्यांचं मनगट सरळ धरलं, पाटीवर पहिलं अक्षर गिरवून घ्यावं तसं.

पट्ट्यांचे तीन ढीग असतात: लगेच मोडायच्या, तासाने मोडायच्या, दुसऱ्या दिवशी मोडायच्या. फरक पडतो हे दिसलंय. हवेतली ओल चिरेत शिरते, त्याचा काही संबंध असावा, असं सरांचं म्हणणं आहे. तिला ते पुरेसं वाटत नाही. कोरड्या दिवसांतही काच पळतेच, ती म्हणते, मग सर नवा तक्ता आखतात.

मध्ये मी दोघांनाही माझ्या वर्गात बोलावलं. सरांनी सातवीच्या मुलांना सांगितलं, आपण काय शिकवलं, ते कुणी खोडून काढलं आणि आपण तिला काय म्हणालो. मुलं हसली नाहीत. एकीने काचवालीला विचारलं, "तुम्हाला राग नाही आला?"

"आला होता," ती म्हणाली. "पण भिंगातून बघायला त्यांनीच शिकवलं होतं ना. राग कुठे ठेवायचा, तेच कळेना."

परवा मी एका फोटोसाठी काच घ्यायला गेलो. सरच कापत होते. मला तर कड अगदी सुरेख वाटली. तिने मोजपट्टी लावली, काच उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली.

"परत, सर," ती म्हणाली.

"बरं," सर म्हणाले आणि दुसरी काच घेतली.