वरच्या खोलीची वायर

गल्लीत सगळे त्यांना नकाशेवाले म्हणत. पाणीपुरवठा खात्यात उभी हयात नळांचे नकाशे काढण्यात गेली होती. कुठल्या गल्लीत पाणी का चढत नाही, कुठे गळतंय, कुठे कुणी गुपचूप तोटी बसवलीय, हे ते कागदावर बोट ठेवून सांगत. माणसांच्या बाबतीत मात्र असं बोट त्यांना कधी ठेवता आलं नाही. ते खातं बायकोकडे होतं. ती मुलगा लहान असतानाच गेली. पुढे मुलगा शिकायला म्हणून परदेशी गेला, तिकडेच चिकटला, आणि घरात उरले ते आणि त्यांची थोरली बहीण.

ताई वरच्या खोलीत राहत; स्वयंपाकघरही वरच, गच्चीलगत. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. वैधव्य लवकर आलं, स्वतःचं मूल नाही. भावजय गेल्यावर भाच्याच्या डब्यापासून तापापर्यंत सगळं त्यांनीच केलं. आता गुडघे असे धरले होते, की जिना उतरायचा म्हटलं तरी त्या आधी देवाला दोन शिव्या घालत. म्हणून खालच्या फोनची एक वायर भिंतीवरून वर नेऊन त्यांच्या पलंगाशी जुना फोन बसवला होता. दुपारी त्या फोनवरून त्यांच्या शेजारणीशी गप्पा चालत. शेजारीण घराची नव्हे. एक्स्चेंजमध्ये दोघींच्या खुर्च्या एकमेकींना लागून होत्या, तेव्हापासूनचं ते नाव. दोघी जगाचे फोन जोडता जोडता म्हाताऱ्या झाल्या आणि आता एकमेकींना जोडत होत्या.

मुलगा मागे एकदा आला तेव्हा कॉम्प्युटर आणि मोडेम बसवून गेला. "आता पत्रांची भानगड नको, बाबा. रोज मेल करत जाऊ."

रोजचं आठवड्यावर आलं, आठवड्याचं जेव्हा होईल तेव्हावर. मेल यायची ती दोन ओळींची. बरा आहे, काम खूप आहे. नकाशेवाले विचारत, "फोटो तरी पाठव." उत्तर यायचं, "तुमची लाइन फार स्लो आहे हो. फोटो अडकून बसेल आणि बाकीच्या मेलही येणार नाहीत." मग एकदा त्यानं लिहिलं, की इथले फोटो मी माझ्या वेबसाइटवर टाकलेत, पण तुमच्याकडे उघडायचे नाहीत, उगाच त्रास घेऊ नका.

त्रास घेऊ नका म्हटलं, की नकाशेवाल्यांना त्रास घ्यावासा वाटणारच. त्यांनी पत्ता टाकून बघितला. पान उघडलं ते नुसत्या रिकाम्या चौकोनांचं. पहिल्या चौकोनात वरून थोडंसं आभाळ उतरलं आणि लाइन तुटली. पुन्हा लावली, पुन्हा तेवढंच आभाळ.

म्हणजे मुलगा खोटं बोलत नव्हता. दोष लाइनचाच होता. हे कळल्यावर त्यांना जवळजवळ आनंद झाला. पाणी चढत नसेल तर नळ तपासायचा. मुलावर रागावण्यापेक्षा ते केव्हाही सोपं.

त्यांनी कॉम्प्युटरच्या दुकानदाराचं डोकं खाल्लं, मासिकं आणली, फोन खात्यातल्या लाइनमनला चहा पाजला. हळूहळू चित्र उमगत गेलं. मोडेमवर छप्पन हजारांचा वेग छापलेला असला तरी तो कंपनीच्या तोंडचा. घरात मिळतो तो वायरच्या लायकीप्रमाणे. नंबर लागला की तो जो किंचाळतो, ते उगाच नाही. इकडचा आणि पलीकडचा मोडेम एकमेकांना हाका मारून बघतात आणि नीट ऐकू येईल एवढ्याच वेगानं बोलायचं ठरवतात. मध्ये खरखर असली की वेग खाली. तरीही एखादा शब्द चुकला की तो पुन्हा पाठवायचा, त्यात आणखी वेळ. नकाशेवाल्यांच्या लाइनवर हा सौदा सव्वीस हजारांवर ठरायचा.

ते कामाला लागले. चपट्या, जुनाट वायरी काढून पीळ घातलेली वायर ओढली. दाराबाहेरच्या डबीतले हिरवे पडलेले सांधे घासून घट्ट केले. ट्यूबलाइटला खेटून गेलेली वायर लांबून वळवली. फोनची तार घरात जिथे शिरते, तिथेच टेबल हलवून मोडेम थेट जोडला. त्यापायी दिवाणखान्याचं दार अर्धंच उघडायला लागलं. वेग तेहतीसवर गेला, मग अडतीसवर. त्यांनी जिन्यातून ओरडून सांगितलं. वरून ताई म्हणाल्या, "छान. आता जेवायला घे."

अडतीसच्या पुढे मात्र काटा हलेना. शेवटी लाइनमनच म्हणाला, "काका, वर गेलेली वायर खातेय तुमचा वेग. फोन उचलला नाही तरी ती वायर लाइनला लोंबकळतेच ना. शिवाय उचलला की तुमचं कनेक्शन खलास."

हे दुसरं त्यांना चांगलं ठाऊक होतं. ताईंनी रिसीव्हर उचलला आणि उतरत आलेलं आभाळ तुटलं, असं कितीदा तरी झालं होतं.

ते वर गेले. "ताई, थोडे दिवस तुझा फोन काढतो."

"आणि मी बोलू कशावरून? भिंतीवरून?"

"खाली ये ना बोलायला."

ताईंनी नुसतं आपल्या गुडघ्यांकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिची तब्येत बरी नाही रे. दुपारी कधीही फोन येतो तिचा. आणि फोन बोलायला असतो बाबा, पोती वाहायला नाही."

"तुझ्याच भाच्याचे फोटो आहेत. तुला नाही बघायचे?"

हा घाव बरोबर बसला. नकाशेवाल्यांनी पक्कड काढली आणि वायर भिंतीवरून तोडली. जुना फोन पलंगाशी तसाच राहिला, मेलेल्या मांजरासारखा.

वेग अठ्ठेचाळीसवर गेला, पण पान मोठं, फोटो जड, आणि कनेक्शन मधूनच तुटायचं ते तुटायचंच. दुकानदारानं दुसऱ्या नंबरवर लावायला सांगितलं, मोडेमच्या सेटिंगमध्ये काय काय बदलायला सांगितलं. नकाशेवाले दुपारभर बसून तेच करत. जोड, बघ, तोड, पुन्हा जोड. फोन दुपारभर एंगेज.

एका संध्याकाळी दारात शेजारणीची मुलगी उभी राहिली. डोळे सुजलेले. आई सकाळपासून फार कासावीस होती, म्हणाली. सारखी म्हणत होती, तिला फोन लाव, फक्त आवाज ऐकव. "मी लावत होते, काका. सारखा एंगेज. आईला वाटलं नंबर चुकतोय, तर तिनं स्वतःच्या हातानं फिरवला. तेवढ्यात..."

आवाजानं ताई जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत आल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. कठड्याला धरून, एकेका पायरीवर थांबत त्या खाली आल्या, त्या मुलीला जवळ घेतलं आणि तिच्यासोबत रिक्षात बसून निघून गेल्या. भावाकडे पाहिलंही नाही.

त्या परतल्या त्या मुक्या होऊन. स्वयंपाक करत, ताट वाढत, कपडे वाळत घालत. भावाशी बोलणं बंद. शिव्या दिल्या असत्या तर नकाशेवाल्यांनी आनंदानं खाल्ल्या असत्या.

आणि अशात, ताई दुपारच्या झोपल्या असताना, पान उघडलं.

लाइन त्या दिवशी पन्नासवर लागली होती आणि तुटलीच नाही. आभाळ पूर्ण उतरलं. त्याखाली झाडांचे शेंडे आले. मग केस, कपाळं, माणसांच्या तीन रांगा. मधोमध मुलगा, गळ्यात फुलांचा हार. शेजारी एक मुलगी, तिच्याही गळ्यात हार. दोन्हीकडे तिचे आईबाप असावेत. बापाचा हात मुलाच्या खांद्यावर होता. पुढचे फोटो जेवणाचे, हसण्याचे, एका नव्या घराच्या दाराचे. खाली तारीख होती. लग्नाला वर्ष होत आलं होतं.

नकाशेवाल्यांनी जिन्याशी जाऊन हाक मारली. ताई आल्या, चष्मा लावून वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं. "बारीक झालाय," एवढंच म्हणाल्या आणि परत जिना चढायला लागल्या. कितीतरी दिवसांनी त्या भावासमोर बोलल्या होत्या, आणि तेही भावाशी नव्हे.

नकाशेवाल्यांनी मुलाला मेल लिहिली. फोटो पाहिले, सूनबाई छान आहेत. दुसऱ्याच दिवशी त्याचा फोन आला.

"उघडलं?" तो आधी हेच म्हणाला. "तुमच्या लाइनवर?"

"हो. आता पन्नासपर्यंत जाते."

तो भराभर बोलायला लागला. सगळं घाईत झालं, बाबा. तुम्हाला प्रवास झेपला नसता. सांगणारच होतो, नीट वेळ बघून. आणि खरं म्हणजे अगदी चारच माणसं होती.

"तीन रांगा आहेत," नकाशेवाले म्हणाले.

"बाबा, प्लीज."

"नाही, मी आपलं सांगितलं. स्पष्ट दिसतं आता."

"आत्याला द्या ना फोन."

"तिला खाली यायला वेळ लागतो," ते म्हणाले. मुलगा म्हणाला, मग पुन्हा करतो. त्यानं पुन्हा केला नाही असं नाही. सहा-आठ महिन्यांनी केला, सुनेशीही बोलणं करून दिलं. ती त्यांना अंकल म्हणाली.

नकाशेवाल्यांनी तोडलेली वायर जोडली नाही. फोन खात्यात जाऊन त्यांनी ताईंसाठी वेगळी लाइन मागितली, खेटे घातले, ओळखी काढल्या. लाइनमननं वरच्या खोलीत स्वतंत्र नंबरचा नवा कोरा फोन बसवला, जुना उचलून नेला. आवाज इतका स्वच्छ होता की लाइनमन स्वतःच्या कामावर खूश झाला.

तो गेल्यावर नकाशेवाले दारात घुटमळले. "बघ ना, ताई. जरासुद्धा खरखर नाही."

ताईंनी रिसीव्हर उचलून कानाला लावला, थोडं ऐकलं आणि भावाकडे वळून विचारलं, "कुणाला लावू?"

प्रश्न साधा होता आणि ताई उत्तराची वाट बघत होत्या. भाऊ नव्या वायरीचा सांधा चाचपून बघू लागले. ताईंनी रिसीव्हर ठेवला, वाळत घातलेले कपडे आणायला सांगितलं, आणि नकाशेवाले ते आणायला गेले.