फोन आधी कुठं वाजायचा

दुकानात टेलिफोनचं एक्स्चेंज बसवायला अंबाजोगाईहून जे चाचा आले, त्यांच्याशी मी पाऊण तास घासाघीस केली. भाव त्यांनी सांगितला तोच शेवटी द्यावा लागला, पण चार फोनांच्या जागी पाच घेतले आणि वर बोलणारी रेकॉर्डिंग फुकटात करून घेतली. चाचा पेचकस खिशात टाकत म्हणाले, "मालक, कापड घेताना शिंपी बी संगट मागत असाल तुमी."

"मागतो की. आन् मिळतो बी."

पाचवा फोन लावायला जागाच नव्हती. तो अजून खोक्यात आहे. पण मी तो मिळवला होता, हे महत्त्वाचं.

केजच्या रस्त्याला माझं पंप आणि पाइपांचं दुकान आहे. मागच्या बाजूला पंपांच्या मोटारी दुरुस्त करायचं वर्कशॉप. आधी सगळा कारभार माझ्या एका मोबाईलवर चालायचा. हंगामात एकाला भाव सांगेपर्यंत दुसऱ्याचे तीन फोन येऊन जायचे, आणि तिसऱ्यावर मी ओरडायचो. ओरडा खाल्लेलं गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं, हे कळायला मला दोन उन्हाळे लागले. म्हणून हे एक्स्चेंज. एक फोन काउंटरवर, एक गोदामात, एक वर्कशॉपात आणि एक माझ्या केबिनमध्ये. बाहेरून नंबर मात्र एकच.

फोनचं आणि माझं वाकडं जुनं आहे. अंबाजोगाईत मी अकरा वर्षं एका शेठकडे मोटारींचं वाइंडिंग केलं. फोन शेठच्या गादीजवळ असायचा आणि त्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. मोटार अशी अशी वाजते म्हणून एखाद्याचा फोन आला की शेठ रिसीव्हरवर पंजा ठेवून मला विचारायचे. मी सांगायचो, मग पंजा काढून शेठ तेच आपलं म्हणून सांगायचे. तेवढं मी गिळलं. पगार त्यांचा होता, तोंडही त्यांचं. पण एकदा मी धारूरकडे कामाला गेलो होतो, तेव्हा त्यांनी आपल्याच मनाने एकाला चुकीचं सांगितलं. तो माणूस दुसऱ्या दिवशी तावातावाने दुकानात आला, तर शेठनी भरल्या दुकानात माझ्याकडे बोट केलं. "ह्यानं सांगितलं." बस, एवढंच. मी पुढच्या महिन्यात काम सोडलं आणि भाड्याच्या एका पत्र्याच्या खोलीत स्वतःचं सुरू केलं. शेठ वारले तेव्हा मातीला गेलो होतो. डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर माझा मलाच राग आला असता.

आमच्या वर्कशॉपात वाइंडिंग करते ती ताई युसूफ वडगावहून रोज एसटीने येते. दोन लेकरांची आई आहे. आली तेव्हा नुसता इन्सुलेशनचा कागद कापायची. वर्षभरात कॉइल भरायला लागली, आणि तिसऱ्या वर्षी मोटारीचा आवाज ऐकून बिघाड सांगायला लागली. हे तिला मी शिकवलं. शेतकरी बोअरपाशी उभा राहून मोबाईल स्टार्टरच्या पेटीजवळ धरतो, आपण इकडून ऐकायचं. घरघर वेगळी, गुणगुण वेगळी, ठोका वेगळा. ह्याला कान लागतो, आणि कान सगळ्यांना नसतो.

रेकॉर्डिंगही तिच्याच आवाजात केली. "रामराम. सामानासाठी एक दाबा. मोटारीच्या दुरुस्तीसाठी दोन दाबा. काही न दाबता थांबलात तर फोन मालकांकडे जाईल." चाचांनी तिच्याकडून ते चार वेळा म्हणून घेतलं, कारण मागे कुणीतरी हातोडी मारत होतं.

पहिले आठ दिवस कुणीही काही दाबलं नाही. लोक त्या रामरामला उलटा रामराम घालायचे आणि तिथूनच सगळी हकिकत सुरू करायचे. माझ्याकडे फोन यायचा तेव्हा निम्मी सांगून झालेली असायची. "...तर मंग मी म्हणलं फ्यूज असंल, पण फ्यूज बी चांगला हाय," इथून ऐकायला यायचं. मी म्हणायचो, "पयल्यापासून सांगा." तो म्हणायचा, "आत्ताच तर त्या ताईला सांगितलं की सगळं! तिला इचारा."

मग हळूहळू लोकांना दोन दाबायची सवय झाली. सवय झाली म्हणजे फारच झाली. माझ्या केबिनच्या आणि वर्कशॉपच्या मधे एकच भिंत आहे. सकाळी दहानंतर भिंतीपलीकडे फोन वाजत राहायचा आणि माझा गप्प बसायचा. बाजारात कुणी भेटला तर मला म्हणायचा, "तुमची ताई लई हुशार हाय बरं का. फोनवर सांगती आन् तसंच निघतं." मी हसायचो. आतून मात्र जळायचो. हिला शिकवलं कुणी, हे कुणी विचारत नव्हतं.

चाचांनी जाताना मला सगळे कोड कागदावर लिहून दिले होते. फोन थांबवून धरायचा, दुसरीकडे पाठवायचा, मोबाईलवर वळवायचा. त्यात एक कोड असा होता की दुसऱ्या खोलीत वाजणारा फोन आपल्या टेबलावरून उचलता येतो.

"ह्याची गरज कावून?" मी तेव्हा विचारलं होतं.

"समजा वर्कशॉपात कुनी न्हाई आन् फोन वाजतोय. तुमी तितवर पळत जानार का? हितंच स्टार दाबून दोन आकडे मारा, फोन तुमच्याकडं."

पहिल्यांदा मी तो कोड मारला तेव्हा ताई खरंच जेवायला गेलेली होती. दुसऱ्यांदा ती पाणी प्यायला गेली असेल असं मला वाटलं. त्यानंतर मी असं काही वाटून घ्यायचं सोडून दिलं. भिंतीपलीकडे एक घंटी वाजली की माझी बोटं आपोआप चालायची. "हां, बोला. पेटीजवळ धरा मोबाईल. ऐकू द्या." फार वर्षांनी मी पुन्हा मोटारी ऐकत होतो. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

पण टेस्टिंगच्या बाकावर पंचवीस वर्षं काढल्यावर कान पहिल्यासारखा राहत नाही. उजव्या कानाने मला बारीक आवाज आता येत नाहीत. हे घरात ठाऊक होतं, दुकानात नव्हतं.

एका सोमवारी नांदूरघाटचा एक शेतकरी दुकानात शिरला. पँट गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेली, हातात एक फुगलेला कपॅसिटर. त्याने तो काउंटरवर आपटला.

"कुठं हाय तुमची ती हुशार ताई?"

ताई हात पुसत बाहेर आली. "काय झालं दादा?"

"काय झालं इचारती! बेअरिंग गेलंय, मोटार वर काढा, आसं फोनवर सांगितलं ना? पाच मानसं लावली. कप्पी आणली. तीनशे फुटावरनं मोटार वर काढली. बेअरिंग ठणठणीत! आन् बिघाड कुठं, तर वर पेटीत. हे बघा. पेटी उघडली असती तर पाच मिनटाचं काम हुतं."

"मी न्हाई सांगितलं दादा."

"मंग कोण, भुतानं? फोन पोरानं केला, पण दोनच दाबलं हुतं त्यानं. बायामाणसाच्या हातात मोटारी दिल्यावर आसंच व्हायचं."

काउंटरवर आणखी तिघेचौघे उभे होते. एकजण हसला. ताईचा चेहरा उतरला, पण आवाज चढला नाही. ती म्हणाली, "दादा, मला तुमचा फोनच आला न्हाई. धा-बारा दिवस झाले, माझा फोन एकदा वाजतो आन् बंद पडतो. मी उचलायच्या आत." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, मी आज सकाळीच चाचांना बोलावलंय. काहीतरी बिघडलंय त्यात."

हे मला माहीत नव्हतं. मी म्हणालो, "चाचा आले की बघू." त्या शेतकऱ्याला नवा कपॅसिटर दिला, चहा सांगितला, आणि केबिनमध्ये जाऊन बसलो. शेतकरी गेला नाही. चहा पिऊन स्टुलावर बसून राहिला. त्याला ऐकायचं होतं.

चाचा बाराच्या सुमारास आले. त्यांनी वर्कशॉपातला फोन उघडला, वायर ओढून पाहिली, भिंतीवरचं मशीन उघडलं. मग बाहेर जाऊन आपल्या मोबाईलवरून दुकानाचा नंबर लावला आणि दोन दाबलं. भिंतीपलीकडे एक घंटी वाजली. आणि शप्पथ सांगतो, मी विचार करत होतो दुसऱ्याच गोष्टीचा, पण माझी बोटं चालली.

"हां, बोला," मी म्हणालो.

"बोलतो की," चाचा म्हणाले. ते केबिनच्या काचेबाहेर उभे होते. माझ्याकडे बघत त्यांनी मोबाईल कानावरून खाली घेतला.

आत येऊन त्यांनी दार लावलं आणि खुर्चीत बसले. पेचकस टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "मालक, मंग एवढं मशीन कावून घेतलं? एकच फोन ठिवायचा हुता, मांडीवर."

"तुमी तुमचं काम करा."

"करतो. बाहेर काय सांगू? उंदरानं वायर खाल्ली म्हणू? तुमच्या गोदामात उंदीर हायेतच. वायर बदलल्यासारखं करतो, कुनाला कळायचं न्हाई."

चाचांची दानत चांगली होती. वायरीचे पैसेही त्यांनी घेतले नसते. आणि मी फुकट मिळणारी गोष्ट सोडणाऱ्यातला नाही. काचेतून काउंटर दिसत होता. ताई कामावर परत गेली नव्हती, उभीच होती. शेतकरी स्टुलावर. ते मघाचे तिघेचौघे गेले होते, पण त्यांनी संध्याकाळपर्यंत अर्ध्या तालुक्याला सांगितलं असतं. उंदरावर ढकललं तरी बेअरिंगचं कोण बोललं हा प्रश्न उरत होता, आणि उंदीर काही बेअरिंगचं बोलत नाही.

मला भयंकर राग आला. कुणाचा ते सांगता येणार नाही. मी दार उघडलं आणि माझ्या नेहमीच्या आवाजात, म्हणजे ओरडूनच, म्हणालो, "फोन मी उचलला हुता. बेअरिंग मी सांगितलं. हिचा काही संबंध न्हाई."

शेतकरी उठून उभा राहिला. "तुमी? आवो, तुमी तर इतकी वर्षं..."

"चुकलो. मोटार खाली सोडायला माझी माणसं आजच येतील. त्याचं काही लागायचं न्हाई तुमाला. आन् मघाशी तुमी हिला जे बोललात ते तेवढं परत घ्या."

तो माणूस भला निघाला. "ताई, चुकलं माझं," म्हणाला, आणि जाता जाता माझ्याकडे बघून हळूच, "कान दाखवून घ्या मालक."

ताई वर्कशॉपात परत गेली. जेवायच्या सुटीत ती केबिनमध्ये आली, पहिल्यांदाच न विचारता समोर बसली. म्हणाली, "भाऊ, अंबाजोगाईचे एक जण मला बोलावतेत. दिवाळीच्या आधीपासून मागं लागलेत. मी न्हाई म्हणत हुते. आता जाणार."

"पगार किती म्हणतेत?"

"पगाराचं न्हाई."

तेव्हा मी खरा घाबरलो. पगाराचं असतं तर मला बोलता आलं असतं. तिच्याशिवाय वर्कशॉप म्हणजे नुसत्या चार भिंती, हे मला तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, आणि ते तिला कळू न देणं हाच माझा आजवरचा सौदा होता.

"मंग काय पायजे?"

"फोन आधी माझ्याकडं वाजला पायजे. सगळा. एक दाबलं तरी, न्हाई दाबलं तरी."

"सगळा कशाला? मोटारीचा घ्या की."

"लोक काय बी दाबतेत भाऊ. सगळा."

"दुपारपर्यंत तुमच्याकडं, मंग माझ्याकडं."

"दुपारी तुमी झोपता."

"सामानाचा भाव तुमाला न्हाई सांगता यायचा."

"भाव आला की तुमच्याकडं पाठवीन. आन् तो उचलायचा कोड तुमच्या फोनातून काढून टाका."

"काढत न्हाई. वापरणार न्हाई."

"काढा."

मी अर्धा तास लढलो. इतक्या वर्षांत मला कुणी असं दाबून धरलं नव्हतं, आणि मधूनच मला वाटत होतं की हेही हिला मीच शिकवलंय. शेवटी एकच गोष्ट माझ्या पदरात पडली: ती जेवायला जाईल तेवढी तीस मिनिटं फोन माझ्याकडे वाजेल. चाचा वर्कशॉपात डबा खात बसले होते. त्यांना बोलावलं. त्यांनी माझ्यासमोर कोड काढला आणि फोनांचा क्रम बदलला. जाताना म्हणाले, "आज पयल्यांदा तुमी काही फुकट न मागता काम झालं."

पहिला आठवडा अवघड गेला. भिंतीपलीकडे फोन वाजायचा आणि मी दोन्ही हात टेबलाखाली ठेवायचो. आता हातांची तक्रार नाही. मी कान दाखवून आलो, यंत्र लावलंय, पण मोटारी ऐकत नाही. त्या ताई ऐकते. पलीकडून तिचं बोलणं ऐकू येतं: "पेटी उघडा दादा. आधी पेटी बघा. बोअरला हात लावू नका." तिच्या नावावर आता गेवराईकडूनही मोटारी येतात.

माझा फोन वाजतो तो तिने पाठवलेला असतो. परवाच असा एक वाजला. पलीकडचा माणूस लाइनवर येण्याआधी तिचा आवाज आला, "भाऊ, पायपांसाठी एक जण हाय. लई घासतोय. मघापासून माझं डोकं खाल्लंय त्यानं. घ्या, तुमचा हाय."

मी खुर्ची पुढे ओढली, चहाचा कप बाजूला केला आणि म्हणालो, "द्या."