नोंद कुणी धरलीय?

संगणकावर काही अडलं की अक्का डोक्यावरचा चष्मा नाकावर आणायची आणि म्हणायची, "थांबा, कुणी धरलंय बघू द्या."

कर्नाटक सीमेवरच्या आळंदच्या आमच्या दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर मी, आणि आतल्या खोलीत संगणकाचं सगळं बघणारी ती. वॉर्ड, लॅब, औषधं, सगळ्यांचा डेटाबेस एकच. एकानं पेशंटची नोंद लिहायला उघडली की बाकीच्यांना ती लॉक. लॉक तोडायची सोय अक्काकडे होती, पण तोडलं की समोरच्याचं अर्धवट लिहिलेलं पुसलं जायचं. म्हणून ती यादीत नाव बघून फोन लावायची. सिस्टरशी कन्नडमध्ये, लॅबवाल्या चाचांशी दखनी उर्दूत. माझ्यासाठी मात्र थेट चहाच्या टपरीवर यायची आणि सगळ्यांदेखत मराठीत विचारायची, "अण्णा, नोंद उघडी टाकून हितं काय करायलास?" तुमच्याही ऑफिसात अशी एखादी असेल. तिचा राग धरू नका, एवढंच सांगतो.

एका दुपारी माझी धाकटी बहीण सासूबरोबर मंठाळहून तापानं फणफणत आली. डॉक्टरांनी इंजेक्शन लिहून तिला वॉर्डात पाठवलं. मी औषध काढायला गेलो तर तिची नोंद लॉक, आणि नोंदीत चढवल्याशिवाय औषध देता येत नाही. पोरगी ग्लानीत, माझा जीव टांगणीला. अक्काला म्हणालो, तोड ते लॉक, कुणाचं लिहिलेलं पुसलं तर पुसू दे.

तिनं यादी बघितली. नोंद वॉर्डातल्या सिस्टरनं धरली होती.

"तुझ्याच बहिणीचं कायतरी लिहायलीय ती. कामून पुसायचं?" म्हणत तिनं फोन लावला. बहिणीची सासू सिस्टरला सांगत होती, मागं हेच इंजेक्शन दिल्यावर सुनेचं तोंड सुजलं, श्वास अडकला होता. सिस्टर तेच लिहीत होती.

अक्कानं फोन ठेवला. "ते इंजेक्शन देऊ नको, अण्णा."

डॉक्टरांनी औषध बदललं. संध्याकाळी ताप उतरला आणि बहिणीनं भाकरी मागितली. मी खिडकीमागं बसून पोटभर रडलो. लाज कसली त्यात? इतकं हायसं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

बहिणीला भेटायचं अक्कानं टाळलंच. फोन तर लावला, त्यात काय एवढं, म्हणाली. पुढं ती नोकरी सोडून लेकीकडे उदगीरला राहायला गेली.

परवा बहीण आली. अक्का कुठं बसायची, तिनं विचारलं. मी खोली दाखवली. तिनं चपला काढल्या आणि रिकाम्या खुर्चीकडे बघत कितीतरी वेळ दारातच उभी राहिली.